तिसरा भाग कोणाकडे आहे?

९ जानेवारी

चि. हट्टोबा यास ताईचे अनेक आशीर्वाद. ते तू मागितले नव्हतेस, हे ठाऊक आहे. आशीर्वाद आणि सर्दी मागून मिळत नाहीत.

पत्र पाहून दचकू नकोस. घरात सगळे सुखरूप आहेत. सगळे म्हणजे बाबा आणि मी. फोन करणार होते, पण फोनवर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, आणि तुझी ती मीटिंग तीन वर्षं झाली तरी उठलेली नाही. पत्राला मीटिंग सांगता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडणारा माणूस आधी एकदा वाचतोच.

तर, तुझी कादंबरी आमच्या वाचनालयात येऊन दाखल झाली. मुखपृष्ठावर धरण, धरणावर लाल ढग, ढगात मंत्र्यासारखा दिसणारा एक गलेलठ्ठ चेहरा, आणि खाली तुझं पूर्ण नाव. मधल्या नावासकट. बाबांचं नाव मी आजवर फक्त सरकारी अहवालांवर छापलेलं पाहिलं होतं. ढगाखाली प्रथमच पाहिलं.

मागणी अशी, की ग्रंथपाल बाईंनी आपला ठेवणीतला उपाय काढला. जाड पुस्तकाला रांग लागली की ते बाइंडरकडे जातं आणि तीन भाग होऊन परत येतं, म्हणजे एका वेळी तिघांची सोय. पहिला परत करावा, मग दुसरा न्यावा, असा नियम आहे. हा नियम प्रवासवर्णनांना मानवतो. राजकीय कारस्थान म्हटल्यावर लोक जो भाग हाताला लागेल तो घेऊन पळाले. त्यामुळे सध्या गावात तुझ्या एका कादंबरीच्या तीन कादंबऱ्या झाल्या आहेत. ज्यांनी पहिला भाग आधी वाचला त्यांना ती प्रेमकथा वाटते, कारण तुझी ती पत्रकार मुलगी सारखी गच्चीवर जाते. पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त फौजदारांनी दुसरा आधी वाचला. त्यांच्या मते ती एका सज्जन अधिकाऱ्याची बदनामी आहे. दंतवैद्य बाईंनी तिसरा आधी वाचला. त्यांच्या मते त्यातलं अक्षर न् अक्षर घडलेलं आहे. हत्ती एकच, पण बाइंडरनं कापलेला.

मी अजून वाचलेली नाही. शाळेत संस्कृतचे सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत, आणि मुलांनी रामाची जी सात रूपं लिहिली आहेत त्यापुढे तुझं कारस्थान फिकं पडेल.

बाबांना अजून काही कळू दिलेलं नाही. कळवायची घाईही नाही.

तुझी
ताई

२३ जानेवारी

चि. हट्टोबा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहिते, कारण प्रकरण हातघाईवर आलं आहे, आणि वाचक मंडळाचं सभापतीपण या वर्षी माझ्या गळ्यात आहे.

परवा फौजदार घरी आले. बाबा फिरायला गेले आहेत ना, याची खात्री करून मगच बसले.

"ताई, त्या पुस्तकातला अभियंता शर्टाच्या टोकानं चष्मा पुसतो."

"निम्मं गाव पुसतं."

"वर्तमानपत्राची चौघडी घालून शब्दकोडं सोडवतो."

मी चहा ओतत राहिले.

"आणि खोटं बोलायच्या आधी घसा खाकरतो! साहेब खाकरतात, पण ते दम्यामुळे. हे त्या लेखकाला कळू नये? सख्खा मुलगा ना तो?" मग त्यांचा आवाज खाली आला. "शिवाय एकाच रिव्हॉल्व्हरमधून आठ गोळ्या सुटतात. सहाच्या वर गेलं ना ताई, की तो गुन्हा राहत नाही, चमत्कार होतो."

त्यांचा ठराव असा: पुस्तक वाचनालयातून काढून टाकावं. कारण काय, तर बाबांची अब्रू. ज्या खोलीत पुस्तकं ठेवायला बाबांनी स्वतः पहिलं कपाट उचलून आणलं, तिथेच बाबांना आरोपी करणारं पुस्तक नको.

दंतवैद्य बाईंचा ठराव उलटा आहे आणि जास्त भयंकर आहे: पुस्तक ठेवावं, पण 'कादंबरी' या फळीवरून उचलून 'इतिहास' या फळीवर ठेवावं. बाई दवाखान्यात प्रत्येकाला कारस्थान समजावून सांगतात. समोरचा तोंड उघडून बसलेला, तोंडात आरसा; विरोध कसा करणार? अशा रीतीनं त्यांचा पक्ष रोज वाढतो आहे.

मी ग्रंथपाल बाईंना विचारलं, तुमचं काय मत? त्या शिक्का मारता मारता म्हणाल्या, "मला मत नको विचारू ताई. मी खालच्या वस्तीतली."

तू हे विसरला असशील, किंवा मुळीच विसरला नसशील. धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा तू पाळण्यात होतास आणि मी शाळेत जात होते. खालची वस्ती वाहून गेली. चौकशी झाली, आणि अहवाल आला की सगळं नियमानुसार झालं. खाली सही मुख्य अभियंत्याची. आपल्या घरात त्यानंतर धरण हा शब्द निघाला नाही. इतर घरांत देवाला किंवा पैशाला घाबरतात. आपण एका शब्दाला घाबरत मोठे झालो.

बरं, कबूल करते. पहिले दोन भाग वाचले. पेपर तपासून झाले होते. वाक्यं लांब आहेत पण चालतात. पत्रकार मुलीला गच्चीवरून खाली आण. हिवाळ्यात तिला थंडी वाजत असेल. अभियंता मात्र असा उतरला आहे, की वाचताना मी दोनदा मागं वळून बघितलं.

एक गोष्ट निक्षून सांगते. मी सभापती असेपर्यंत पुस्तक फळीवरून हलणार नाही. फौजदारांच्या ठरावानंही नाही आणि दंतवैद्य बाईंच्याही नाही. आणि तू इथं येणार आहेस. तुला हे अजून ठाऊक नाही एवढंच.

व्याकरणात लोप म्हणजे नाश नव्हे. फक्त दिसेनासं होणं. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याच्यामुळे शब्दात व्हायचे ते बदल होतच राहतात. तू या घरातला तसला प्रत्यय आहेस. दिसत नाहीस, पण बाबा अजून जेवताना तिसऱ्या खुर्चीकडे बघून भाजीत मीठ कमी आहे म्हणतात.

तुझी
ताई

४ फेब्रुवारी

चि. हट्टोबा,

आज सकाळी फोनवर तुझा निरोप आला. "बाबांनी वाचलं का?" तीन वर्षांनी तीन शब्द. या वेगानं पुढची कादंबरी कधी होणार?

नाही. वाचलेलं नाही. वाचू देणार नाही असं नाही, पण आधी मला पुढचा भाग वाचायचा आहे. आता तू विचारशील, मग वाचला का नाहीस? तर तिसरा भाग सापडत नाही. ग्रंथपाल बाईंनी दारावर मोठ्या अक्षरात लावलं आहे: "तिसरा भाग कोणाकडे आहे?" गावात जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघतो. दंतवैद्य बाईंच्या मते सरकारनं नेला. फौजदार म्हणतात, तपास माझ्याकडे द्या. परवा त्यांनी माझीही चौकशी केली. म्हणाले, "तुमच्यावर संशय नाही हो ताई, पण रीत असते."

त्यांची रीत बरोबर होती. तो माझ्याकडे आहे. शालींच्या कपाटात, तळाशी. गेल्या आठवड्यात वाचनालयात परत आल्याबरोबर मी गुपचूप उचलला, आणि उघडलेला नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या ओळीत अभियंत्याचा मुलगा वडिलांसमोर जाऊन उभा राहतो. पुढं तू त्या म्हाताऱ्याचं काय केलंस, ते वाचायची माझी छाती होत नाही. शिवाय घरात ज्यांच्यापासून लपवायचा ते दिवसभर घरातच असतात. पण ते कपाट बाबा उघडत नाहीत. शालींवर त्यांचा विश्वास नाही.

सभा अठरा तारखेला आहे. दोन्ही ठराव येतील. मी आपली जुनी रीत लागू केली आहे, जिला तू लहानपणी 'ताईचा छळ' म्हणायचास. शास्त्रातली रीत आहे, माझी नव्हे: आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू. ती इतकी नीट मांडायची, की समोरच्यानं स्वतः 'मान्य' म्हणावं. तो 'मान्य' म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. सायकल कोणी मोडली यावरून आपलं भांडण व्हायचं तेव्हा मी तुला आधी माझी बाजू मांडायला लावायची, आणि ती मांडता मांडता तूच रडायचास.

फौजदारांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी त्या बाईंच्या बाजूनं बोलायचं?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"आणि त्यांचं समाधान होईस्तोवर."

"ताई, मी बत्तीस वर्षं लोकांकडून कबुलीजबाब घेतलेत. पण इतकं कठोर कधी वागलो नाही."

तुझी
ताई

१२ फेब्रुवारी

चि. हट्टोबा,

आज चेष्टा कमी असेल. जमेल तितकी घालते.

सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "तिसरा भाग तुझा वाचून झाला की दे."

मी साखरेचा डबा पुढं सरकवला. "कसला तिसरा भाग?"

"शालींखालचा."

तुला आठवतं, वाचनालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाला बाबा वर्तमानपत्राचं वेष्टण घालतात, लोकांच्या पुस्तकाला आपल्या हाताचे डाग नकोत म्हणून? तीन आठवडे ते टेबलावर त्या वेष्टणात काहीतरी वाचत बसलेले होते. मला वाटलं, नेहमीचं एखादं चरित्र असेल. मी पुस्तक त्यांच्यापासून लपवत होते, आणि त्याच पुस्तकाशेजारी त्यांचं दूध ठेवत होते. ग्रंथपाल बाई गुपचूप एकेक भाग आणून देत होत्या. बाबांनी मागितला, त्यांनी दिला. कारस्थान असं असतं, लेखकमहाशय. त्याला रिव्हॉल्व्हर लागत नाही.

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला राग नाही आला?"

"त्यानं मधलं नाव ठेवलंय," ते म्हणाले, आणि शब्दकोडं पुढं ओढलं.

मग मी शाळेला दांडी मारली आणि तिसरा भाग वाचून काढला. मंत्री पकडला जातो ते वाचलं, पाठलाग वाचला, आठ गोळ्या मोजल्या. फौजदारांचं बरोबर आहे. आणि मग ते प्रकरण आलं. जेवणाचं टेबल. मुलगा उभा आहे. तो विचारतो, "तुम्हाला ठाऊक होतं का?" म्हातारा शब्दकोडं बाजूला सारतो. मग म्हणतो, "खुर्ची ओढ. सांगतो." आणि मुलगा म्हणतो, आता काय सांगणार तुम्ही, आणि निघून जातो. दार इतकं जोरात लावतो की बाहेरची नावाची पाटी खाली पडते.

हट्टोबा, ती पाटी मीच पुन्हा लावली होती. मी तेव्हा मागच्या अंगणात होते. मला फक्त दार ऐकू आलं. बाबांना विचारलं, काय झालं, तर म्हणाले, "काही नाही. स्क्रू ढिला होता." त्यांनी तुला घालवून दिलं असंच मी धरून चालले. तीन वर्षं.

ते "खुर्ची ओढ" म्हणाले होते, हे मला आज कळलं. तुझ्या छापील पुस्तकातून, शंभर लोकांनी वाचून झाल्यावर.

संध्याकाळी पुस्तक बाबांना नेऊन दिलं. ते प्रकरण कुठल्या पानावर आहे ते सांगितलं नाही. त्यांनी मात्र नवं वेष्टण घालायला घेतलं, तेव्हा घडी दोनदा चुकली.

मला सांगायचं ते एवढंच. तू कादंबरीत एका माणसाला आरोपी केलंस असं सगळं गाव म्हणतं. मला त्यात दोन दिसले. दुसऱ्याचा गुन्हा फक्त एका पानावर आहे आणि तो दार लावून जातो.

तुझी
ताई

१९ फेब्रुवारी

चि. हट्टोबा,

काल सभा झाली. तुला सविस्तर लिहिते, कारण तुझं तिथं काम आहे.

खोली भरली होती. लोक खिडकीत बसले होते. बाबा येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. ते आले, शेवटच्या रांगेत बसले, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून. फौजदार उठून त्यांना पुढं न्यायला गेले. बाबा म्हणाले, "इथंच ठीक आहे. आज मी वाचक आहे."

आधी फौजदारांनी दंतवैद्य बाईंची बाजू मांडली. घामाघूम झाले. म्हणाले, "यांचं म्हणणं असं, की सरकारी कागदावर लिहिलं म्हणून ते खरं होत नाही, आणि कादंबरीत लिहिलं म्हणून ते खोटं होत नाही." बाई चकित झाल्या. "हे माझ्यापेक्षा चांगलं बोललात हो! मान्य!" मग बाई उठल्या. त्यांनी फौजदारांची बाजू मांडली, की लेखकाला पुरावा द्यावा लागत नाही, आणि ज्याच्यावर तो लिहितो त्याला उत्तर द्यायला पुस्तकात पान नसतं. फौजदार म्हणाले, "मान्य. मीच का नाही म्हटलं हे?"

आणि मग दोघंही एकदमच म्हणाले, एकमेकांकडे बघत, की पुस्तकात एकच मोठी खोट आहे. तो म्हातारा सांगतो म्हणाला होता. काय सांगणार होता? लेखकानं लिहिलंच नाही. "तपास अर्धवट," असं फौजदार म्हणाले. बाई म्हणाल्या, "मी शेवटची पानं तीनदा चाळली. कुठंतरी असेल म्हणून."

तेव्हा मागून बाबा उठले.

"सभापतींची परवानगी असेल तर," ते मला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला परवानगी मागितली. "मला दोन्ही ठराव मान्य नाहीत. पण रीतीप्रमाणे आधी समोरच्याची बाजू. माझ्या समोरचा म्हणजे लेखक."

घसा खाकरला नाही. मी लक्ष ठेवून होते.

"लेखकाचं म्हणणं असं आहे. दरवाजे उघडण्याआधी खालच्या वस्तीसाठी भोंगा वाजवायचा असतो. तो वाजला नाही. अहवालात वाजला असं लिहिलं गेलं. ज्यानं सही केली त्याला हे ठाऊक होतं. तो वाईट माणूस नव्हता, म्हणून त्याचा दोष जास्त. वाईट माणसाकडून कोणी अपेक्षाच ठेवली नसती. आणि नंतर तो जन्मभर गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याला त्याच्या घरच्यांनी अब्रू असं नाव दिलं."

दंतवैद्य बाईंनी तोंडाला पदर लावला. महिनाभर त्यांना जे खरं ठरवायचं होतं ते खरं ठरलं, तर त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा मुळीच दिसेना.

बाबा थांबले. मी सभापती, मला काहीतरी बोलणं भाग होतं. "उत्तरपक्ष?" मी विचारलं.

"मांडता येत नाही. आधी 'मान्य' यायला हवं."

"ते कोण म्हणणार?"

"ज्याचं म्हणणं, तो. दुसऱ्या कोणाला तो अधिकार नाही, ही तुझीच रीत. तोवर सभा अपुरी, आणि सभा अपुरी असताना पुस्तक हलवता येत नाही. वाचनालयातूनही नाही, कादंबरीच्या फळीवरूनही नाही."

फौजदार म्हणाले, "साहेब, ही तर चक्क तहकुबीची युक्ती झाली."

"जन्मभर सरकारी नोकरी केलीय मी," बाबा म्हणाले, आणि बसले.

खोली हसली. हसताना काहींनी डोळे पुसले, पण ते सभेच्या वृत्तांतात येणार नाही.

लोक पांगल्यावर ग्रंथपाल बाई खुर्च्या लावता लावता बाबांजवळ आल्या. म्हणाल्या, "साहेब, आई शेवटपर्यंत म्हणायची, भोंगा वाजला नाही. लोक तिला म्हणायचे, झोपेत ऐकू आला नसेल."

बाबा काठीवर जोर देऊन उभे राहिले. "नाही वाजला," ते म्हणाले. "तुमच्या आईचं बरोबर होतं."

बाईंनी मान हलवली. हातातली खुर्ची त्यांनी खाली ठेवली नाही, तशीच धरून होत्या. मग म्हणाल्या, "का?"

"ते सांगणार आहे. ह्याच खोलीत. तुमचा हक्क पहिला आहे, पण एकाला मी खुर्ची ओढायला सांगितली होती, ते आधी पुरं करतो. मग लगेच तुम्हाला."

"फार दिवस लावू नका साहेब," बाई म्हणाल्या. रागानं नाही. पुस्तक उशिरा आणणाऱ्याला सांगतात, तशा.

म्हणून तुला हे कळवते. तहकूब सभा मार्चच्या पहिल्या शनिवारी आहे. तू आदल्या दिवशी ये. विनंती नाही, सभापतींचा आदेश आहे. हवं तर शिक्का मारून पाठवते, ग्रंथपाल बाई देतील. बाबांचं उत्तर तुला पटेलच असं मी म्हणत नाही. मलाही पटेल की नाही, ठाऊक नाही. ऐकून झाल्यावर 'अमान्य' म्हणायचा तुला पुरा अधिकार आहे. ऐकण्याआधी नाही.

आज सकाळी मी उठले तर तिसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रांची रद्दी बाबांनी स्वतः उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली होती. दोन फेऱ्या मारल्या असतील. दम लागला होता. खुर्ची टेबलापासून ओढलेली आहे. मी झाडताना आत सरकवली, तर म्हणाले, "राहू दे तशी."

पाटीचा स्क्रू मी पुन्हा आवळला आहे. तू आलास की दार हवं तेवढं जोरात लाव. फक्त या वेळी आतून.

तुझी
ताई